डॉनलची ट्रान्स्फर

मिरज स्टेशनवर मला निरोप द्यायला खो-खोची अख्खी टीम आली होती आणि त्यातल्या एकीलाही गंभीर राहता येत नव्हतं. पोरी सरावातून थेट आलेल्या, गुडघ्यांना माती, वेण्या वर बांधलेल्या. माझ्या बॅगांच्या दोन्ही बाजूंना त्या एकाआड एक तोंडं करून चवड्यांवर बसल्या आणि मंदारला म्हणाल्या, "भावजी, आता पकडून दाखवा हिला!" मंदार नागपूरचा. आमच्या लग्नाला जेमतेम महिना झालेला, आणि खो-खोशी त्याचा संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता. तो बिचारा खरंच दोन पावलं पळाला आणि ट्रॉली बॅगेला अडखळला. आई डोळे पुसता पुसता हसत होती. आमचे सर बाजूला उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मैदान मिळेल न मिळेल, पाय हलते ठेव." बाबा पाटबंधारे खात्यातले, उभा जन्म बदल्यांत गेलेला. त्यांचा सल्लाही तसाच होता: "पोचल्याचा फोन उशिरा केलास तरी चालेल. शेजाऱ्यांची ओळख मात्र लगेच करून घे."

गाडी हलली तशा पोरी प्लॅटफॉर्मवरून खिडकीबरोबर पळायला लागल्या. पण आमच्यातली सगळ्यात वेगानं पळणारी गाडीत बसली होती, त्यामुळे खिडकी कुणालाच गाठता आली नाही.

पोरींनो, तुम्ही आता पोरी राहिलेला नाहीत. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत क्रीडाशिक्षिका, एकीचा मुलगा तर तिच्याहून उंच झालाय. पण ग्रुपवर दर दिवाळीला तुमचा एकच प्रश्न असतो: "अर्चे, तिकडे खेळतेस का गं काही?" मी अंगठा पाठवून विषय बदलायचे. आज नीट उत्तर लिहिते. इकडे अमेरिकेत आलेल्यांनीही वाचावं, कारण त्यांना आपलं मैदान मागे सुटल्याचं हे दुखणं माझ्याइतकंच ओळखीचं आहे. मात्र उत्तर माझ्यापासून सुरू होत नाही. ते एका आयरिश सुतारापासून सुरू होतं.

श्रूजबरीतली माझी पहिली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. डिपेंडंट व्हिसा, नोकरीला परवानगी नाही, चार महिने बर्फ. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भेटलेली प्रत्येक बाई विचारायची, "तू काय करतेस?" मी आधी म्हणायचे, "एच-फोरवर आहे." मग म्हणायला लागले, "मास्टर्स करतेय." नंतर एकदाचं, "वूस्टरला लॅबमध्ये स्टॅटिस्टिक्स बघते." उत्तरं सुधारत गेली, पण प्रश्न तोच राहिला. महाराष्ट्राच्या टीमची मी कॅप्टन होते हे सांगायला जागाच मिळायची नाही, आणि मिळाली तरी समोरची म्हणायची, "अय्या, खो-खो! आम्ही पण खेळायचो शाळेत." यावर काय बोलणार!

मग एका शनिवारी सकाळी ईशाची, म्हणजे माझ्या लेकीची, सॉकर प्रॅक्टिस चालू होती. मी घडीच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसले होते. शेजारच्या मैदानावर काही बायका-पुरुष काठ्या घेऊन धावत होते. तिकडून एक पांढरा चेंडू सणसणत आला, थेट कडेला बसलेल्या मुलांच्या दिशेनं. मी उठले, झेपावले आणि एका हातानं तो धरला. कॉफी सांडली, खुर्ची उलटी झाली. ईशा मैदानातून ओरडली, "आई! दॅट वॉज सो कूल! पण प्लीज परत नको करूस." चेंडू न्यायला एक चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस आला. त्यानं सॉरी म्हटलं, मुलांना काही लागलं नाही ना ते पाहिलं, माझ्या लाल झालेल्या तळव्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुठे खेळायचीस?"

काय खेळायचीस, असं नाही. खेळायचीस का, असंही नाही. बारा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मला त्या मैदानाच्या कडेला रडू फुटलं, आणि तो माणूस घाबरून म्हणाला, "हात मोडला का?"

तो डॉनल. खेळ हर्लिंग. आयर्लंडचा फार जुना खेळ, आपल्या विटी-दांडूइतकाच मातीतला. हातात ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी होत गेलेली काठी असते, एखाद्या मोठ्या लाकडी उलथन्यासारखी. चेंडू लहान, कातड्याचा आणि दगडासारखा टणक. तो काठीनं मारायचा, काठीवर तोलून पळायचं, हवेतून हातानं धरायचा. गोलच्या खांबांमध्ये आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. हे सगळं वाऱ्याच्या वेगानं चालतं. पण मला खरं आवडलं ते वेगळंच. या खेळात भरलेल्या स्टेडियमसमोर खेळणाऱ्यालाही पगार नसतो. आणि ज्या गावात जन्मलास त्याच गावाकडून खेळायचं असतं. भाव लावून कुणी कुणाला विकत घेत नाही. गोलकीपर शाळामास्तर असतो, पुढचा खेळाडू दूध गोळा करणारा, आणि दोघांचे आजोबाही त्याच गावाच्या टीममध्ये असतात.

डॉनलला ही काठी पहिल्यांदा दिली त्याच्या काकानं, मायकलनं. स्वतःची मोडलेली काठी कापून लहान केली आणि शाळेत जायच्या आधी पोराच्या हातात ठेवली. कुणाचाही काका असला तरी मराठी माणसाला तो काकाच, त्यामुळे आमच्या घरी तो पहिल्या दिवसापासून मायकलकाका झाला. डॉनल घराच्या भिंतीवर दिवसभर चेंडू मारायचा, मायकलकाका खिडक्यांच्या काचा बदलायचे. पुढे गावची टीम, मग काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, पोरांची टीम, आणि विशीत असतानाच काउंटीच्या मोठ्या टीममध्ये निवड. आपल्याकडे राज्याच्या टीममध्ये निवड व्हावी तसंच. एका मोठ्या सामन्यात तो बदली म्हणून आत आला आणि अगदी कडेच्या रेषेवरून, जिथून कुणी प्रयत्नही करत नाही तिथून, त्यानं पॉइंट मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे सुतारकामाला गेला. घरमालकानं येऊन हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि सांगितलं, "तू बसवलेलं मागचं दार मात्र घासतंय."

त्यानंतर तिकडची बांधकामं ठप्प झाली. नव्या घरांचे नुसते सांगाडे उभे राहिले आणि सुतारांच्या हातांना काम उरलं नाही. अर्धी टीम उठून गेली, कुणी सिडनीला, कुणी टोरांटोला. डॉनल इकडे आला. निघताना मायकलकाकांना म्हणाला, "दोन वर्षं. फार तर तीन."

हे वाक्य आपल्यातल्या कुणी म्हटलेलं नाही, हात वर करा!

त्याचे कागद अडकले. देश सोडला तर परत येता येणार नाही आणि राहिलं तर घरी जाता येणार नाही, अशी अवस्था. आपल्यातले व्हिसाच्या स्टॅम्पिंगच्या भीतीनं आईच्या आजारपणातही न गेलेले लोक हे वाचताना मान हलवतील. नेमकी त्याच सुमारास त्याची काउंटी फायनलला पोचली. वूस्टरच्या एका बारमध्ये सकाळी नाश्त्याच्या वेळेला त्यानं ती मॅच पाहिली. त्याच्या जागेवर शेजारच्या शेतावरचा मुलगा खेळत होता. ते जिंकले. डॉनल सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, सगळ्यांना मिठ्या मारल्या, आणि मग बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसून राहिला. बऱ्याच वर्षांनी इथल्याच मुलीशी लग्न झालं, कागद सरळ झाले, तो घरी जाऊन आला. तोवर जाण्या-येण्याचा प्रश्न सुटला होता, पण त्याची खेळायची वर्षं मागे पडली होती.

मी त्याच्या क्लबात जायला लागले. क्लब लहान, बायकांची वेगळी टीम उभी राहण्याइतक्या बायका नाहीत, म्हणून सराव एकत्र आणि मैत्रीचे सामनेही एकत्र. माझ्या पहिल्या अशा सामन्यात काय झालं ते तुम्हालाच सांगते, कारण जगात फक्त तुम्हालाच ते कळेल. मी गोलजवळ होते. चेंडू माझ्या बाजूनं निसटला आणि माझ्या पाठीमागे थांबला. वळून दोन पावलांवर होता. पण मला वळता येईना! एकदा दिशा घेतली की उलटं फिरायचं नाही, खांबापर्यंत जायचं आणि खांबाला वळसा घालूनच परत यायचं, हे माझ्या पायांत इतकं भिनलेलं. मी तशीच पुढे पळाले, गोलच्या खांबाला वळसा घातला, जाळ्यामागून फिरून दुसऱ्या बाजूनं मैदानात आले. तोवर समोरच्यांनी तो चेंडू उचलून थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला होता. दोन्ही टीम थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. डॉनलनं नंतर कारण विचारलं, मी नियम समजावला, तेव्हा तो गवतावर आडवा पडून हसला. "आमच्यात वळायला बंदी नाही बरं का," एवढं तो कसंबसं म्हणाला.

महिन्याभरातच क्लबाची सेक्रेटरी मी झाले. यात नवल नाही. चार मराठी माणसं असोत की चाळीस आयरिश, पावत्या आणि नोंदणी शेवटी आपल्याच गळ्यात पडते. आणि सेक्रेटरी झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की डॉनल अधिकृत सामना खेळतच नाही. तो मैदान आखतो, काठ्या दुरुस्त करतो, नवख्यांना शिकवतो, सरावात सगळ्यांना पाणी पाजतो. पण स्पर्धेसाठी पाठवायच्या नावांत त्याचं नाव कधीच नसतं. सगळे समजत होते, गुडघा गेला असेल. मीही तेच समजत होते.

मागच्या उन्हाळ्यात टीमची पंचाईत झाली. दोन विद्यार्थी मायदेशी परतले, एकाचं बोट मोडलं. उन्हाळ्याअखेरच्या मोठ्या स्पर्धेला एक खेळाडू कमी पडत होता. डॉनलच्या गॅरेजमध्ये तो काठी तासत होता तिथे मी गेले आणि सरळ विचारलं, "डॉनल, तुझं नाव घालते. चालेल ना?"

"नको," तो म्हणाला.

"गुडघा?"

"गुडघा ठणठणीत आहे."

मग त्यानं सांगितलं. इथे अधिकृत खेळायचं तर गावच्या क्लबाकडून ट्रान्स्फर मागावी लागते. ती मागितली की तिकडच्या टीममधून नाव जातं. आणि तिकडचे सेक्रेटरी मायकलकाका. डॉनल गेल्यापासून दर हंगामाला न चुकता त्यांनी गावच्या टीममध्ये त्याचं नाव ठेवलं होतं. तो खेळणार नाही हे माहीत असून. "मी बटण दाबलं की त्याला मेल जाणार," डॉनल म्हणाला. "म्हणजे मी त्याला सांगणार, की मी येत नाही."

"जाणार आहेस का तू?"

तो बराच वेळ काठी तासत राहिला. "नाही. मुलं इथली आहेत. बायकोचे आईवडील इथे आहेत. नाही जाणार."

"मग?"

"पण ते मी त्याला सांगितलेलं नाही ना."

मला एकदम राग आला. म्हणजे खांदे भरलेले होते, डोळा पक्का होता, अशी सगळी वर्षं या माणसानं दुसऱ्यांच्या मॅचला कडेला उभं राहून घालवली होती, एका म्हाताऱ्याचं मन राखायला! आणि आता एखाद-दोन हंगामांपुरते पाय उरलेत, तर तेही असेच जाणार. मी त्याला आमच्या घराची गोष्ट सांगितली. घर घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांना फोन करायला माझी जीभ उचलत नव्हती. भाड्याचं घर म्हणजे परत येण्याची शक्यता, विकतचं घर म्हणजे संपलं. शेवटी सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "जवळ मैदान आहे का?"

डॉनलनं त्या दिवशी काठी गरजेपेक्षा जास्त तासली आणि ती वाया गेली.

पाच-सहा दिवसांनी त्याचा मेसेज आला: "दाबलं." पुढे काहीच नाही. तिकडूनही काही येईना. दर सकाळी लॅबमध्ये आधी मी क्लबाचा मेल उघडायचे, मग कामाचा. मंदार म्हणायचा, "अगं, तुझ्या ग्रीन कार्डसाठी तरी एवढी रिफ्रेश केली होतीस का?" नावं पाठवायची मुदत जवळ आली तरी मायकलकाका गप्प. डॉनल सरावाला यायचा, पण तोंड एवढंसं झालेलं.

रविवारी आम्ही दोघं मैदान आखत होतो. त्याचे हात रंगानं बरबटलेले, म्हणून फोन वाजला तेव्हा त्यानं तो गवतावरच स्पीकरला टाकला. मायकलकाका होते. मी उठून जायला लागले, तर डॉनलनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. एकट्यानं ऐकायची हिंमत नसावी.

"हे आत्ता कशाला मागितलंस?" पलीकडून आवाज आला. जुना, खरखरीत आवाज.

"खेळायचंय," डॉनल म्हणाला. "मायकल, मी परत येणार नाही."

"ते मला ठाऊक आहे. तू दुसरं पोर झाल्याचं कळवलंस तेव्हापासून ठाऊक आहे."

"मग दर वर्षी नाव का ठेवत होतास?"

"मला वाटायचं, तुझी आशा असेल. काढलं तर तुला लागेल."

डॉनल गवतावर बसला. "आणि मी मागत नव्हतो, कारण तुला लागेल."

मग मायकलकाका म्हणाले, "म्हणजे एकमेकांना जपण्यात आपण तुझी चांगली वर्षं घालवली. गाढवं आहोत दोघंही. सकाळीच सोडलंय तुझं नाव. आणि खेळणार असशील तर जरा पोट कमी कर, व्हिडिओत दिसतं."

डॉनल हसला आणि मग रंगाच्या हातांनीच त्यानं डोळे पुसले, त्यामुळे दिवसभर त्याच्या कपाळावर पांढरी रेघ होती. मी घरी येताना गाडीत विचार करत होते की आपण फोनवर किती वर्षं "सगळं मजेत" म्हणत आलो आणि पलीकडचेही "आमची काळजी करू नका" म्हणत आले. कोण कुणाला जपत होतं कुणास ठाऊक. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला आमच्याबद्दल बऱ्याच गोष्टी आधीच ठाऊक असतात. आम्ही मात्र त्या लपवण्यात दमून जातो.

स्पर्धेच्या दिवशी डॉनल हेल्मेट घालून आत उतरला तेव्हा त्याची बायको आणि मुलं, मी, मंदार, ईशा असे सगळे कडेला उभे होतो. त्याचा पहिला चेंडू साफ हुकला. त्याच्या निम्म्या वयाची पोरं त्याच्या बाजूनं निघून जात होती. पण मग त्यानं एक चेंडू हवेतून असा खुडला, न बघता काठी फिरवली आणि तो दांडीवरून गेला, की समोरच्या टीमचाही कोच टाळ्या वाजवायला लागला. एवढी वर्षं हे कुठे ठेवलं होतं या माणसानं! ईशा माझा हात ओढून विचारत होती, "आई, व्हाय आर यू क्राइंग? वी आर विनिंग!"

नाही जिंकलो. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटनं मागे होतो आणि आम्हाला फ्री मिळाली, म्हणजे अडवणूक न होता मारायची संधी. लांबून होती. डॉनलनं घेतली. चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला. शिट्टी झाली.

आजवर टीम हरली की डॉनल सगळ्यांच्या पाठीवर थाप मारायचा, "छान खेळलात" म्हणायचा आणि शांतपणे सामान आवरायला लागायचा. त्याला कधी हरल्याचं काही वाटलेलं मी पाहिलं नव्हतं. गावची टीम हरली तर मात्र तो सोमवारी बोलायच्या लायकीचा नसायचा. त्या दिवशी त्यानं हेल्मेट काढून आपटलं. कुणाच्या पाठीवर थाप नाही, काही नाही. गवतावर बसून राहिला. मी पाणी घेऊन गेले तर माझ्यावरच खेकसला, "आपण ही मॅच हरलोच कसे?" त्याची बायको माझ्याकडे बघून गालात हसली. मीही हसणार होते, पण जमेना, कारण मलाही तोच प्रश्न पडला होता.

घरी आले तर जेवण जाईना. मंदारनं पिठलं-भात केला होता, तोही ताटात चिवडत बसले. "अगं, मॅचच होती यार," तो म्हणाला. मी त्याच्यावर अशी भडकले की बास. भांडता भांडताच मला आठवलं, असं जेवण शेवटचं कधी टाकलं होतं. साताऱ्याला सेमीफायनल हरलो होतो त्या दिवशी. त्यानंतर या देशात मला कितीतरी वेळा वाईट वाटलं, एकटं वाटलं, पण हरल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं. हरण्यासाठी आधी कुठलं तरी व्हावं लागतं. पोरींनो, तुम्ही विचाराल, "आता तुझं गाव कुठलं?" मिरज आहेच, ते कुठे जातंय! पण हरल्यावर जिथे घास उतरत नाही तेही आपलंच गाव, आणि ते मला श्रूजबरीत मिळालं.

मिरजेत पहाट झाली होती. बाबा चहा करायला उठलेले असणार, म्हणून फोन लावला.

"बाबा, हरलो आम्ही."

त्यांनी "कोण आम्ही" असं विचारलं नाही. "कितीनं?" असं विचारलं.

"एका पॉइंटनं."

"अरेरे!" ते मनापासून म्हणाले. पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला. "मग पुढची मॅच कधी?"